कोमार्क : ब्यूनच्या खोऱ्यातील गढ्यांचे अवशेष

नैर्ऋत्य फ्रान्समधील दॉर्दोन्य जिल्ह्यात, लेझेझी आणि सार्ला यांच्या दरम्यान, ब्यून नावाच्या लहानशा नदीच्या काठी कोमार्कचे अवशेष आहेत. पाट्यांवर त्याला किल्ला म्हटले असले, तरी आपल्याकडचा ‘गढी’ हा शब्दच तेथे अधिक शोभतो. आणि गढीही एक नव्हे. १२व्या शतकापासून या कातळावर जी वस्ती वाढली, तिच्यात अनेक सरदार घराण्यांनी एकाच आवारात आपापली बुरुजाची घरे बांधली. पुढे त्यांतील सर्वांत उंच बुरूज बेनाक घराण्याकडे गेला. बहुतेक पर्यटक थेट त्या बुरुजावर चढतात आणि खोऱ्याचे छायाचित्र घेऊन परततात, याचे मला फार वाईट वाटले.

माझा सल्ला असा की, पाहणी तळापासून सुरू करावी. कड्याच्या पोटात माणसांनी कोरून काढलेली घरे आहेत. तेथील भिंतीवर हाताच्या उंचीवर चौकोनी खोबणी ओळीने दिसतात. लाकडी तुळयांची टोके त्यांत बसवलेली असत. लाकूड केव्हाच गेले, परंतु या खोबणींवरून माळा कोठे होता आणि छप्पर कोठे टेकले होते, हे ताडता येते. हे एकदा नजरेत बसले की वरच्या पडक्या घरांच्या भिंतीही वाचता येऊ लागतात. याच कातळाखाली घोड्याचे डोके कोरलेली प्रागैतिहासिक गुहा आहे. ती मात्र लोकांसाठी खुली नाही.

शतकानुशतके ओस पडून झाडाझुडपांत बुडालेली ही जागा मूळ घराण्यातील एका वंशजाने १९६८ मध्ये विकत घेतली आणि तिच्या जतनाचे काम हाती घेतले. पडलेले सारे नव्याने न उभारता उरलेल्या भिंती सावरण्यावर येथे भर आहे, आणि मला तेच योग्य वाटते.

लेझेझी आणि सार्ला येथे रेल्वे जाते, परंतु पुढे स्वतःची किंवा भाड्याची मोटार असल्यास बरे. वाहनतळापासून जंगलातून उतरती पायवाट आहे. परतताना तोच चढ लागतो, म्हणून ज्येष्ठांनी काठी बाळगावी. पावसानंतर चुनखडीच्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते. निघण्यापूर्वी वेळा तपासाव्यात आणि हाताशी किमान दोन तास ठेवावेत.

बुरुजावरून समोर लोसेलची गढी दिसते. तिच्याजवळच्याच कातळाच्या आडोशाला १९११ मध्ये, हातात शिंग धरलेल्या स्त्रीचे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे शिल्प सापडले. ते आता बोर्दो येथील आकितेन संग्रहालयात आहे, त्यामुळे परतीचा मार्ग बोर्दोवरून असल्यास अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवावा.