शिक्षक आमदार व्हायचं तर सुरुवात नमुना १९ पासून

"सर, शिक्षक आमदार व्हायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि नोकरी सोडावी लागते का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पक्षाचं तिकीट आणि सभा असतात. आमच्या मते ही निवडणूक मतदार नोंदणीत जिंकली किंवा हरली जाते.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या. मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून त्यातला एक, औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघ. इथली मतदार यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावर नव्याने होते. मागच्या वेळी मत दिलं होतं म्हणून नाव असेलच, असं समजून बसलेले कितीतरी शिक्षक मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत जातात.

नमुना १९ म्हणजे या यादीत नाव नोंदवायचा अर्ज. तो भरायचा, सोबत मुख्याध्यापकांचं किंवा प्राचार्यांचं प्रमाणपत्र जोडायचं. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या, म्हणजे पात्रता मोजायच्या तारखेच्या, आधीच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं. मधे खंड पडला तरी चालतो. प्राथमिकच्या गुरुजींना इथे मत नाही, याचं त्यांना वाईट वाटतं आणि ते रास्तही आहे. पण निजामाच्या काळापासूनची परंपरा म्हणून आपल्याकडे जिल्हा परिषदेची हायस्कुलं बरीच आहेत, तिथल्या माध्यमिक शिक्षकांची नोंदणी राहून जाऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त चूक पत्त्यात होते. नाव शाळेच्या गावात लागत नाही, राहत्या घराच्या पत्त्यावर लागतं. हदगावात राहून पैनगंगेपलीकडे उमरखेडला अप-डाउन करणारा शिक्षक अमरावती विभागात शिकवतो, तरी त्याचं मत आपल्याकडचं. उलट उमरखेडला राहून हदगावात शिकवणाऱ्याचं मत तिकडचं. इच्छुकाने गठ्ठ्याने आणून दिलेले अर्ज घेत नाहीत. संस्थाप्रमुख मात्र आपल्या शाळेतल्यांचे एकत्र देऊ शकतात. म्हणून प्रत्येक शाळेत हजेरीपट बघून अर्ज भरून घेणारा एक माणूस लागतो. असे शंभर-दोनशे जण तालुक्या-तालुक्यांत उभे करायला वर्षं जातात. संघटनेतली खरी मेहनत ती.

आता नोकरीचं. राज्यघटनेतली अध्यापनाची अट मतदाराला आहे, उमेदवाराला नाही. उमेदवार ३० वर्षांचा आणि राज्यातल्या विधानसभा यादीत मतदार असला की पुरे. उमेदवारी अर्जावर नाव सुचवणारे दहा सूचक शिक्षक मतदार यादीतलेच हवेत, अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी. खाजगी अनुदानित शाळेत पगार शासन देतं, पण नेमणूक संस्थेची असते. त्यामुळे तिथल्या शिक्षकांनी खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली समोर ठेवून संस्थेची लेखी परवानगी आणि रजा आधी पक्की करावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियम आड येतात. त्याला राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती, आणि स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षं सेवा नि तीन महिन्यांची नोटीस. नुसता अर्ज देऊन भागत नाही, मंजुरीचा आदेश हातात नसेल तर छाननीत हरकत आलीच समजा.

मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननेच नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. १ कुणालाच दिला नाही, दोघांना दिला, किंवा बरोबरची खूण केली, की मत बाद. वह्या तपासून हाताला खूण करायची सवय लागलेली असते, म्हणून प्रचारात कोरी नमुना मतपत्रिका देऊन प्रत्यक्ष लिहून घ्या. वैध मतांना दोनने भागून एक मिळवला की कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं. ५०,००० वैध मतं असतील तर २५,००१. कोणी तिथे पोचलं नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची पुढची पसंती वाटतात. २०२३ ला आपल्याच मतदारसंघातून विक्रम काळे चौथ्यांदा निवडून आले, पण पहिल्या पसंतीवर कोटा त्यांनाही गाठता आला नव्हता. म्हणून ज्यांचं पहिलं मत दुसऱ्याला आहे त्यांच्याकडेही जा आणि २ मागा.

निवडून आल्यावर सहा वर्षं मिळतात, आणि तिथे शाळेतला अनुभव कामाला येतो. "शिक्षकांचे प्रश्न प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय?" असा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकला की उत्तर येतं, "अंशतः खरे आहे", आणि पुढच्या पोटप्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही". तेच असं विचारा: १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेले, पण शाळेला १०० टक्के अनुदान नंतर मिळालेले शिक्षक विभागात किती, जिल्हानिहाय संख्या द्या, जुन्या पेन्शनचे प्रस्ताव कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेपासून आहेत? असा प्रश्न लिहायला वेतन पथकाच्या, म्हणजे शिक्षकांचा पगार काढणाऱ्या कार्यालयाच्या, खिडकीवर उभं राहिलेला माणूस लागतो. शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारासाठीचा शिक्षकाचा क्रमांक), संच मान्यता (शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदं), वैद्यकीय बिलं, सगळ्याला हीच रीत: आदेशाची तारीख, कार्यालयाचं नाव, माणसांची संख्या.