भिगवण: होडीत जितकं खाली बसाल तितकं बरं

रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) फोटो काढायला उजनी धरणाकाठच्या भिगवणला जायचं असेल तर तारीख धरणाच्या पाण्याकडे बघून ठरवा. पावसाळा संपल्यावर धरण तुडुंब असतं, तेव्हा त्यांना उभं राहून गाळ चाळायला उथळ जागाच मिळत नाही. पाणी उतरू लागलं, काठचा चिखल उघडा पडला, की थवे येतात. त्यामुळे ज्या वर्षी पाऊस दणकून झाला त्या वर्षी डिसेंबरात गेलेले हात हलवत परतले तर नवल नाही. आम्ही जानेवारी संपता संपता गेलो, आणि आधी कुंभारगावच्या नावाड्याला फोन करून रोहित सध्या कुठे बसतायत ते विचारून घेतलं. कुंभारगाव आणि डिकसळ, दोन्हीकडे होड्या मिळतात. पक्षी कुठल्या काठाला जवळ आहेत हे मात्र सारखं बदलतं, आणि ते नावाड्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने अंतर साधारण 100 किलोमीटर. पहाटे निघूनही पोहोचता येतं, पण आम्ही आदल्या रात्रीच गावात मुक्काम केला. उजाडताना होडीत असणं महत्त्वाचं. का, ते पुढे येतंच.

होडीत चढल्यावर पहिला सल्ला: फळीवर बसू नका, तळाशी बसकण मारा. जुनी सतरंजी किंवा फोमचा तुकडा सोबत ठेवा, कारण तळाला थोडं पाणी असतंच. लेन्स होडीच्या कडेला टेकली की पक्षी आणि तुम्ही जवळजवळ एका पातळीवर येता. मागचं पाणी, पलीकडचा काठ, सगळं लांब जाऊन विरघळतं आणि पक्षी सुटा उठून दिसतो. फळीवरून काढलेल्या त्याच पक्ष्याच्या मागे नुसता मातकट चिखल येतो. बाहेर वळवता येणारा स्क्रीन असेल तर कॅमेरा आणखी खाली नेता येतो. ट्रायपॉड घरीच ठेवा. होडीत तो इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतो आणि वर जागाही अडवतो. कडेवर बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी) पुरते. एका होडीत तिघांहून जास्त कॅमेरे नकोत. एकाने कूस बदलली की बाकीच्यांची फ्रेम हलते. आणि लाइफ जॅकेट आधी, कॅमेऱ्याचा पट्टा त्यावरून.

आता खरी गोष्ट. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून काही होड्या सरळ थव्यात घुसतात. थवा उठला की पंखांतला गुलाबी आणि काळा रंग दिसतो, होडीत आरडाओरडा होतो. पण रोहिताला उडायला पाण्यावरून पळत जावं लागतं, त्यात त्याची बरीच ताकद जाते. शिवाय असा थवा तुमच्यापासून लांब पळतो, म्हणजे फोटोत येतात त्या शेपट्या. आम्ही निघतानाच नावाड्याला सांगितलं, "दादा, उडवायचे नाहीत." ते म्हणाले, "मग थांबायची तयारी ठेवा." त्यांनी बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं आणि बांबूने रेटत होडी तिरकी तिरकी नेली. खाली घातलेल्या माना एकदम वर आल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की समजावं आपण हद्द ओलांडली. तिथे थांबायचं. थोड्या वेळाने माना पुन्हा पाण्यात गेल्या, आणि काही पक्षी चरत चरत आपणहून आमच्याकडे सरकले.

उडतानाचे फोटो हवेच असतील तर वारा बघा. पक्षी उठतो आणि उतरतो तो वाऱ्याकडे तोंड करून. सकाळी पूर्वेचा वारा असेल तर काय विचारता: सूर्य तुमच्या पाठीशी, वारा पाठीशी, आणि उतरणारे पट्टकदंब हंस थेट तुमच्या दिशेने. वारा पश्चिमेचा असेल तर उडत्या पक्ष्यांचा नाद सोडून पाण्यात उभ्या लांब पायांच्या शेकाट्यांकडे वळा. उडत्या नदी सुरयांसाठी (टर्न पक्षी) शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या खाली आणू नका. रोहितांना 1/1250 चालतं.

दुपारी लॅपटॉप उघडून सगळ्यांचे फोटो पाहिले. आमच्या फोटो काढणाऱ्या गटाचा रिवाज असा की प्रत्येकाने मोजके फोटो दाखवायचे आणि त्यात एक फसलेला हवाच. नुसतं 'मस्त' म्हणायला बंदी आहे, कारण त्यातून समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. या वेळी सगळ्यांत उपयोगी चर्चा फसलेल्यांवरच झाली. एकाचं ठाम मत होतं की त्याची 150-600 मिमी लेन्स बिघडली आहे, रोहित धूसर येतायत. फोटोंची वेळ तपासली. सातच्या सुमाराचे फोटो लख्ख होते, धूसर सगळे दहानंतरचे. पाण्यावरची हवा तापली की ती थरथरते, आणि लांबचा पक्षी कुठल्याही लेन्समधून तसाच दिसतो. लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी हे एकदा पाहा. अशा वेळी उपाय एकच, जवळचे पक्षी टिपा किंवा होडी काठाला लावा.

दुसरा फोटो गडद पाण्यातल्या पांढऱ्या बगळ्याचा. पिसांचा तपशील पार जळालेला. फ्रेममध्ये काळं जास्त असलं की कॅमेरा सगळं उजळायला बघतो, आणि त्यात बगळा मरतो. एक्स्पोजर 0.7 ते 1 स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). फ्रेमभर पांढरे पक्षी असतील तेव्हा नेमकं उलट करायचं, थोडं वाढवायचं.

गिअरबद्दल सारखं विचारलं जातं म्हणून सांगतो. बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या ऑस्प्रेसाठी (मासे पकडणारा शिकारी पक्षी) 500-600 मिमीची लेन्स लागतेच, तिथे खोटी आशा नको. पण थव्यांसाठी तीच लेन्स अडचणीची होते. आमच्यातल्या एका मैत्रिणीकडे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि 70-300 एवढंच होतं, आणि झाडावरचे चित्रबलाक करकोचे पाण्यातल्या प्रतिबिंबासकट फक्त तिलाच मिळाले. दोन बॉडी असतील तर दोन्ही बाहेर काढा. होडीत लेन्स बदलू नका, एक तुषार पुरतो. जुन्या एफ 5.6 लेन्सवर 2 पट कन्व्हर्टर (लेन्सची पोच दुप्पट करणारं जोडभिंग) लावाल तर दोन स्टॉप प्रकाश जाईल आणि कित्येक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस चाचपडेल. त्यापेक्षा नंतर फोटो क्रॉप करा.

जोडून इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं गवताळ रान करता येतं. तिथे चिंकारा आणि कोल्हे दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. मात्र वनखात्याची सफारी आधी बुक करून जा आणि गाडी आखलेल्या वाटेवरच ठेवा, कारण माळटिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. शनिवार-रविवारी भिगवणला होड्यांची जत्रा असते. जमलं तर मधल्या वारी जा, आणि न जमल्यास पहिली होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.