खडकी : रणांगणावर वसलेले आपले उपनगर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक माजी विद्यार्थी आपल्या गुरुजनांविषयी लिहितील, आणि ते योग्यच आहे. मला मात्र शाळेभोवतीच्या खडकीविषयी लिहायचे आहे, कारण पुणेकरांच्या लेखी खडकी म्हणजे लष्कर आणि दारूगोळा कारखाना, एवढ्यावर विषय संपतो, आणि ज्या मैदानात पेशवाईचा शेवट सुरू झाला तेच हे ठिकाण, हे खुद्द खडकीत वाढलेल्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

मला ते ठाऊक झाले आमच्या इतिहासाच्या बाईंमुळे. दिवाळीची सुट्टी संपली की त्या नववीच्या वर्गाला घेऊन पायी निघत. खडकी आणि गणेशखिंड यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर उभे करून त्या दिशा दाखवत: हा गणेशखिंडीचा डोंगर, ही मागे मुळा नदी, आणि तो दूर पर्वतीचा माथा, जिथून दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई पाहिली असे सांगतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट (वकील) एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरचा आपला बंगला सोडून खडकीच्या छावणीकडे आला, मागे त्या बंगल्याला आग लावण्यात आली, आणि कर्नल बर याच्या हाताखालची पलटण पुढे सरकली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाने केलेला हल्ला पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपतो. बाई मात्र पायाखालची जमीन दाखवून सांगत की पुढे दलदल होती, भरधाव आलेले घोडे तिथे रुतले आणि हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. जरीपटका, म्हणजे मराठ्यांचे निशाण, घेऊन चालून गेलेले मोरो दीक्षित याच रणात पडले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्याच एल्फिन्स्टनच्या नावाच्या रस्त्याने आमच्यातील निम्मा वर्ग रोज शाळेत येत होता, हे त्या दिवशी प्रथम लक्षात आले.

त्या लढाईच्या निकालातूनच आजची खडकी उभी राहिली, असे मला वाटते. इंग्रजांची छावणी इथे कायमची झाली. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याला आलेली रेल्वे इथूनच गेली. गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरांसाठी तो भव्य वाडा बांधला गेला, ज्यात १९४९ पासून विद्यापीठ आहे. आणि १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. कारखान्याबरोबर कामगार आले, त्यांच्या वसाहती आणि बाजार आला, आणि त्या कामगारांच्या मुलांसाठी आपल्यासारख्या शाळा आल्या. माझे वडीलही त्याच कारखान्यात होते. आमच्या घरात घड्याळापेक्षा भोंग्यावर अधिक विश्वास होता. सुटीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, प्रत्येक सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली असे आणि रिकामे डबे खडखडत असत. त्या गर्दीत वडिलांची सायकल ओळखण्याची माझी रोजची धडपड असे.

बाईंची ती फेरी होळकर पुलाजवळच्या युद्धस्मशानभूमीत संपत असे. तिथे दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या ज्या सैनिकांच्या कबरींची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, त्यांना तिथून इथे आणण्यात आले. कापलेल्या हिरवळीवर एकसारख्या पांढऱ्या शिळा, प्रत्येकीवर पलटणीचे चिन्ह, नाव, मृत्यूची तारीख आणि वय. बाई म्हणत, ‘बाकी काही वाचू नका, फक्त वय वाचा.’ आम्ही रांगेने चालत वाचत जायचो : वीस, बावीस, एकोणीस. आमच्यातील काहींचे थोरले भाऊ त्याच वयाचे, आणि सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या अभियंता पलटणीच्या, भरतीची तयारी करत असलेले होते. परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलत नसे.

पुढे नोकरीनिमित्त बाहेर राहूनही मी वर्षातून एकदा तरी त्या वाटेने फिरून येते. लढाईचे ते मैदान आता इमारती, रस्ते आणि लष्करी हद्दींच्या भिंतींनी तुकड्यातुकड्यांत विभागले गेले आहे, त्यामुळे दाखवणारे कोणी बरोबर नसेल तर नवख्या मुलाला तिथे काहीच कळणार नाही. बाई निवृत्त झाल्यावर ती फेरी बंद पडली, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून या निमित्ताने मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गाची ती पदयात्रा पुन्हा सुरू करावी. परिसराचा जुना नकाशा मोठा करून वर्गात लावण्याचा खर्च आमची तुकडी आनंदाने करील, आणि मुलांबरोबर चालायला माझ्यासह आमच्यातील जे कोणी पुण्यात आहेत ते येतील.