हेझलहर्स्टच्या स्टेशनवर नक्की उतरा: ग्रिअर्सनच्या दौडीच्या वाटेवर

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या खुणा बघायला मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गला जाणारे बहुतेक जण तोफा, खंदक पाहून परत फिरतात. आम्ही या एप्रिलमध्ये टेनेसीतल्या ला ग्रेंजपासून सुरुवात केली आणि उत्तरेच्या सैन्यातल्या कर्नल ग्रिअर्सनच्या घोडदळाच्या मागावर तीन दिवसांत लुइझियानातलं बॅटन रूज गाठलं. 17 एप्रिल 1863 रोजी तो 1,700 स्वार घेऊन निघाला आणि 16 दिवसांत सुमारे 600 मैल शत्रूच्या मुलखातून दौडत गेला. मूळचा संगीतशिक्षक! लहानपणी घोड्याची लाथ बसलेली, म्हणून घोडा नकोसाच असलेला.

न्यूटनला त्याने दोन आगगाड्या पकडल्या, रूळ उखडले, तारा तोडल्या. आता गाव लहानसं आहे, अर्धा तास पुरे.

मला सगळ्यात भिडलं ते हेझलहर्स्ट. 27 एप्रिलला ग्रिअर्सनचे दोन स्वार दक्षिणेच्या सैनिकांच्या वेषात इथल्या तारघरात शिरले आणि व्हिक्सबर्ग राखणाऱ्या दक्षिणेच्या जनरल पेंबर्टनला तार दिली: यांकी (म्हणजे उत्तरेचे सैनिक) पर्ल नदीपर्यंत आले, पण पलीकडे नेणारी नाव नष्ट झालेली दिसली म्हणून ईशान्येकडे वळले. प्रत्यक्षात ते नदी ओलांडून गावाच्या वेशीवर होते. तार गेली, आणि लगेच दोघे ओळखले गेले. घोड्यांना टाच मारून निसटले. आम्ही फलाटावर उभे असताना मालगाडी धडधडत गेली. पायाखाली थरथर जाणवत होती आणि मला ती तार देणारा हात दिसत होता. पेंबर्टनची माणसं अशी भलतीकडे धावत असताना 30 एप्रिलला उत्तरेच्या जनरल ग्रँटची फौज ब्रुइन्सबर्गला मिसिसिपी नदी ओलांडून उतरली. व्हिक्सबर्ग पडायला इथूनच सुरुवात झाली, असं माझं ठाम मत आहे.

जाणाऱ्यांनी एप्रिलच निवडावा; जूनपासून उकाडा सोसवत नाही. नॅचेझ ट्रेसवरून जाणार असाल तर टाकी आधी भरा, त्या रस्त्यावर पेट्रोलपंप नाही आणि वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी 50 मैल. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, मध्येच रेंज जाते. गवतात चपला घालून फिरू नका: लाल मुंग्यांची वारुळं मातीच्या साध्या ढिगासारखी दिसतात, माझ्या मुलीचा पाय दोन दिवस सुजला होता. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर असू द्या. व्हिक्सबर्गच्या युद्धभूमीच्या 16 मैलांच्या फेरीला अख्खा दिवस ठेवा. इलिनॉय स्मारकाच्या 47 पायऱ्या, ग्रँटने व्हिक्सबर्गला घातलेल्या वेढ्याच्या दर दिवसाची एक, मुलांना मोजायला लावा.