म्हसावदपर्यंतची पद्मालय फेरी

रविवार, रात्र. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवले आहेत. सायकल मात्र चिखलासकट अंगणातच उभी आहे, कारण तिला हात लावण्याचे त्राण आज उरलेले नाही.

ठरले होते ते असे. जळगावहून शिरसोली, म्हसावद, पुढे गिरणा ओलांडून पद्मालय. तेथे एकाच गाभाऱ्यातील उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचे दर्शन, कमळांच्या तळ्याकाठी थोडा विसावा, सांगून ठेवलेले वरण-बट्टीचे जेवण आणि एरंडोलवरून महामार्गाने परत. सगळे मिळून सुमारे ७० किलोमीटर. हवामान खात्याचा पिवळा इशारा कालपासूनच होता. पिवळा म्हणजे केवळ सावध राहा, असे मी आमच्या सायकल गटाला संदेश पाठवून समजावले आणि वर ठोकून दिले, की परतीचा पाऊस दुपारी तापल्यावरच येतो. ऊन तापून उठणाऱ्या ढगांपुरते हे खरे आहे. पण रात्रभर आभाळ दाटलेले होते, तारा एकही दिसत नव्हता आणि उकाडाही नव्हता. कमी दाबाच्या पट्ट्याचा पाऊस घड्याळ पाहून येत नाही, हे ठाऊक असूनही मी ते त्या संदेशात लिहिले नाही.

पहाटे साडेपाचला आकाशवाणी चौकातून अकरा जण निघालो. शिरसोलीपर्यंत नुसती भुरभुर होती आणि ती सुखाचीच वाटली. त्यानंतर एके ठिकाणी रस्त्याचे काम चालू असल्याने वळण रस्ता थेट काळ्या मातीतून काढला होता. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे आम्हा खानदेशी माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. तरी सायकलसह तिच्यात उतरलो. वीसेक पावलांत टायर आणि ब्रेक यांच्यामधली फट गच्च भरली आणि मागचे चाक फिरायचेच थांबले. निंबाच्या काडीने चिखल उकरावा, दोन हात पुढे जावे, की पुन्हा तेच. चकती ब्रेकवाले, म्हणजे ज्यांचा ब्रेक टायरजवळ नसून चाकाच्या मध्याशी असतो असे दोघे तेवढे ढकलत का होईना पुढे सरकले. बाकी आम्ही नवरदेवाला खांद्यावर घ्यावे तशा सायकली उचलून डांबरी रस्त्यावर आणल्या. एरवी सायकलचे वजन ग्रॅममध्ये सांगणारा आमचा एक मित्र या वेळी अवाक्षर बोलला नाही.

म्हसावद जवळ आले तेव्हा पावसाने जोर धरला होता. दोन्ही बाजूंना कमरेइतकी कपाशी आणि तिच्यावर डोके काढून चाललेले फक्त आम्ही. वीज चमकली. मी मनात अंक मोजू लागलो आणि नवावर गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज अवघ्या तीन किलोमीटरवर होती. खिशातल्या, विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपने हेच आधी सांगितले असते, पण फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवण्याची हुशारी मीच केली होती. पुढे एका नाल्याच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होते. खोली घोट्याइतकीच दिसत होती. मात्र फरशीची कड कोठे संपते, ते दिसत नव्हते.

तेथे आम्ही थांबलो, आणि आजच्या दिवसातली मला टोचणारी गोष्ट हीच आहे, की पाच-सात मिनिटे कोणीही काही बोलले नाही. एकाने उगाच चाकातली हवा दाबून पाहिली, एकाने पाण्याची बाटली काढली, आणि भर पावसात तो पाणी प्यायला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता आणि सगळे मिळून माझ्याकडे, कारण बेत माझा होता. शेवटी पलीकडून बैलजोडी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी, बैल फरशीच्या अलीकडे न आणता, तिकडूनच ओरडून विचारले, “कथा जाई ऱ्हायनात भाऊ इतला पानीमा?” (इतक्या पाण्यात कोठे चाललात भाऊ?) नेहमीचे बैलही जेथे उतरवत नाहीत तेथे आम्ही कशाला उतरायचे, एवढाच हिशेब मी केला आणि “फिरा मागे” म्हणालो.

म्हसावद स्टेशनजवळच्या टपरीवर पत्र्याखाली चहा आणि गरम भजी झाली. बट्टीची सर त्यांना नव्हती. पण थंडीने वाजणारे दात थांबले. गडगडाट ऐकू येईनासा झाल्यावर आणखी अर्धा तास थांबून, वळण रस्ता टाळण्यासाठी लांबचा फेरा घेत आम्ही परतलो. वाटेत आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना सगळे बापू म्हणतात, माझ्या शेजारी आले आणि सांगू लागले, की त्यांना शिरसोलीलाच परत फिरावेसे वाटले होते. “मग बोलला का नाहीत, बापू?” “तरणी पोरं जाताहेत, म्हाताऱ्यानं कशाला पाय ओढायचे?” घरी पोहोचेपर्यंत आणखी चौघांनी हेच सांगितले. तरण्यांना बापूंची लाज वाटत होती, बापूंना तरण्यांची, आणि मला माझ्याच संदेशाची.

आताच पुढच्या फेरीचा संदेश लिहून ठेवला आहे. त्यात या वेळी निघण्याच्या वेळेआधी परत फिरण्याच्या जागा घातल्या आहेत: शिरसोली, म्हसावद, गिरणेचा पूल. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे थांबायचे आणि सर्वांत आधी बापूंना विचारायचे. बट्टीवाल्यांना फोन करून आजचे पैसे देऊ केले, तर ते म्हणाले, पीठ मळलेच नव्हते. आभाळ त्यांनीही पहाटे पाहिले होते.