दोन पगारांमधलं अंतर: एकल पालकाने नोकरी बदलताना कर्ज कसं सांभाळावं

नोकरी बदलायचं ठरलं की नवा पगार किती, याचा हिशोब आधी होतो. एकट्याने मूल वाढवणाऱ्याने, त्यातही डोक्यावर कर्ज असेल तर, आधी तारखांचा हिशोब करावा. जुन्या ठिकाणचा शेवटचा पगार खात्यात पडल्यापासून नव्या ठिकाणचा पहिला पगार जमा होईपर्यंत किती दिवस जाणार? घरात दुसरा कमावता असेल तर हे दिवस त्याच्या पगारावर निघतात. एकल पालकाच्या घरात ते क्रेडिट कार्डावर निघतात, आणि पुढची दोन-तीन वर्षं ते फेडण्यात जातात.

हे अंतर वाटतं त्यापेक्षा खूप मोठं असतं. समजा मार्चचा पगार ३१ मार्चला मिळाला आणि जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस ३० एप्रिल आहे. बऱ्याच कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगार वेगळा देत नाहीत. तो फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडल्यावरच्या अंतिम हिशोबात येतो, आणि ते कधी होईल याचा भरवसा धरू नये. नव्या ठिकाणी १८ मे रोजी रुजू झालात, पण तिथल्या पेरोलची कट-ऑफ तारीख, म्हणजे त्या महिन्याच्या पगारात नाव येण्याची शेवटची तारीख, १५ आहे. मग मे महिन्यातले दिवस जूनच्या पगारात धरले जातात आणि पहिला पगार ३० जूनला येतो. मधली सुट्टी फक्त १७ दिवसांची होती, पण दोन पगारांमध्ये गेले ९१ दिवस. रुजू व्हायची तारीख १८ ऐवजी १४ मे करून घेतली असती तर पहिला पगार ३१ मे रोजी आला असता, म्हणजे अंतर ६१ दिवसांवर आलं असतं. चार दिवसांच्या फरकाने एक अख्खा महिना वाचतो. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच एचआरला कट-ऑफची तारीख, पगाराची तारीख आणि पहिला पगार नक्की कधी होईल हे विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. पगार वाढवून मागायला संकोच वाटत असेल तरी रुजू व्हायची तारीख मागायला काहीच हरकत नाही.

जुन्या कंपनीला दोन गोष्टी विचारायच्या: अंतिम हिशोब किती दिवसांत होतो आणि त्यातून काय काय वजा होणार आहे. नोटीसचे कमी भरलेले दिवस, पगारावर घेतलेली उचल, कंपनीचं कर्ज, ठरावीक काळ थांबण्याच्या अटीवर दिलेला बोनस, हे सगळं तिथे एकदम कापलं जातं. अपेक्षित रक्कम शून्य किंवा उणेसुद्धा निघू शकते. त्यामुळे बजेटमध्ये ही रक्कम शून्यच धरावी.

आता किती पैसे हाताशी लागतील ते पाहू. ९१ दिवसांतले पहिले ३० दिवस मार्चच्या पगारावर निघतात. उरलेल्या ६१ दिवसांचा खर्च साठवलेल्या पैशांतून करायचा आहे, आणि त्यावर एक महिना राखीव हवाच, कारण पहिला पगार कागदपत्रांच्या किंवा खात्याच्या गोंधळात अडकतो. म्हणजे तीन महिने. आवश्यक खर्च महिन्याला ३०,००० आणि सगळ्या कर्जांचे किमान हप्ते मिळून १४,००० असतील, तर ४४,००० गुणिले ३, म्हणजे १,३२,०००. आवश्यक खर्चात घरभाडं, किराणा, वीज-पाणी, औषधं, प्रवास आणि मुलाचं पाळणाघर येतं. पाळणाघर काटकसरीच्या यादीत टाकू नका. ते थांबलं की कामावर जाणंच थांबतं.

फी, विम्याचे हप्ते यांसारख्या वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या खर्चांची बेरीज करून १२ ने भागा आणि तो आकडाही महिन्याच्या खर्चात धरा. मुलाच्या दुसऱ्या पालकाकडून पैसे येत असतील तर सरासरी काढू नका, गेल्या सहा महिन्यांत सर्वांत कमी आलेली रक्कम धरा. एखाद्या महिन्यात काहीच आलं नसेल तर शून्य धरा.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: नोकरी सोडण्याआधी एखादं छोटं कर्ज संपवून टाका, तेवढाच हप्ता वाचेल. हिशोब करून बघा. शिल्लक १८,००० आणि हप्ता ६,००० आहे. आज १८,००० भरले तर पुढच्या तीन महिन्यांत साधारण तेवढेच वाचतात, वर थोडं व्याज. तेच १८,००० खात्यात ठेवले तर त्यातून हप्तेही जातात आणि मूल आजारी पडलं तर औषधही येतं. मोठ्या कर्जात काही रक्कम आधी भरली तर बहुतेक वेळा मुदत कमी होते, हप्ता तेवढाच राहतो. म्हणजे हातची रोख गेली आणि दर महिन्याचा भार तसाच राहिला.

म्हणून माझं ठाम मत असं आहे: नोकरी शोधायला लागल्या दिवसापासून नव्या नोकरीचा दुसरा पगार हातात येईपर्यंत कर्जावर किमान हप्त्यापेक्षा एक पैसाही जास्त भरू नये. जास्तीचं सगळं वेगळ्या बचत खात्यात टाकावं. याची किंमत मोजावी लागते, हे खरं. कार्डावर महिना ३ टक्के व्याज असेल आणि त्यात जास्तीचे भरता आले असते असे ४०,००० तीन महिने खात्यातच ठेवले, तर सुमारे ३,७०० व्याज जास्त जातं. पण हप्ता बाउन्स झाला तर बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्याचा दंड आणि क्रेडिट रेकॉर्डवर डाग असे तिन्ही फटके एकदम बसतात. कार्ड आधी फेडू आणि लागलं तर पुन्हा वापरू, हा बेतही कच्चा आहे. कार्डाची मर्यादा कधीही कमी होऊ शकते. त्यावरून रोख काढली तर शुल्क लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याज. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही बहुधा मिळत नाही.

हप्ते बाउन्स होण्याचं कारण अनेकदा पैसे नसणं हे नसतंच. ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे हप्ते, जुन्या पगार खात्यावर लागलेले असतात आणि नवा पगार दुसऱ्या खात्यात येतो. जुन्या खात्यात पगार येणं थांबलं की किमान शिल्लकेची अट लागू होऊन त्याचेही पैसे कापले जाऊ शकतात. सगळ्या ऑटो-डेबिटची तारखेसह यादी करा. नवं खातं लावून पहिला हप्ता तिथून जाईपर्यंत जुन्या खात्यात एका महिन्याच्या हप्त्यांएवढे पैसे राहू द्या.

तरीही पैसे कमी पडणार असं दिसलं तर हप्ता चुकण्याआधी फोन करा. सर्वांत आधी हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर ढकलून मागा, मग काही महिने फक्त व्याज भरण्याची सोय. हप्ते पूर्ण थांबवणं सर्वांत शेवटी. २,००,००० वर वर्षाला १२ टक्के व्याज असेल तर तीन महिने काहीच न भरल्याने मुद्दलात सुमारे ६,०६० ची भर पडते. जे ठरेल ते लेखी घ्या. महागडी कर्जं एकत्र करून कमी व्याजाचं एकच कर्ज घ्यायचं असेल, तर पगाराच्या स्लिप सलग असताना अर्ज केलेला बरा, पण अर्जात नोकरी बदलण्याबद्दल विचारलं असेल तर खरं ते लिहा.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो, आणि त्यावर असलेल्या मुलाचाही. मधल्या १७ दिवसांसाठी काय, याची सोय राजीनाम्याच्या आधी करायची. नव्याने घेतलेल्या पॉलिसीत काही आजारांना प्रतीक्षा काळ असतो, म्हणून ती लवकर घेतलेली चांगली.

नव्या नोकरीचा प्रोबेशनचा काळ एकल पालकाला खरा जड जातो. भरपगारी रजा अजून जमलेली नसते आणि मूल तर आजारी पडणारच. बजेटमध्ये 'बिनपगारी रजा' अशी वेगळी ओळ ठेवा आणि महिन्याला दोन दिवस धरा. हातात येणारा पगार ३० ने भागला की एका दिवसाचा अंदाज मिळतो. कामाची वेळ बदलल्याने पाळणाघराचे तास वाढतात, उशिरा नेण्याचा आकार लागतो. नव्या आणि जुन्या पगारातल्या फरकातून हे वाढीव खर्च वजा केल्यावर जे उरतं, तीच तुमची खरी पगारवाढ. ऑफर लेटरवरचा वार्षिक आकडा इथे कामाचा नाही.

नव्या नोकरीचा दुसरा पगार आला, राखीव महिना पुन्हा भरला, की फेडीला जोर लावायचा. आता सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी. कार्डावर १,००,००० थकले आहेत, व्याज महिना ३ टक्के, मिनिमम ड्यू (दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम) थकबाकीच्या ५ टक्के. बिलावर येईल तेवढाच मिनिमम ड्यू भरत राहिलात तर थकबाकी घटेल तसा तोही घटतो, आणि जवळपास ३२ महिन्यांनी निम्मी थकबाकी अजून शिल्लकच असते. तेच दर महिन्याला ५,००० ठरवून भरले तर ३१ महिन्यांत सगळं संपतं. खऱ्या पगारवाढीतले ३,००० त्यात घालून ८,००० केले तर १६ महिने पुरतात. या काळात कार्डावर नवी खरेदी मात्र बंद हवी. बँकेत मिनिमम ड्यूचा ऑटो-डेबिट असेल तर तो बदलून ठरावीक रकमेची सूचना द्या, आणि तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा.