सरांची उडी

आमच्या बॅचला मी आठवत असेन तर 'तो कातळावर चढणारा' म्हणूनच. शाळेला तेव्हा हा खेळ वाटतच नव्हता. (ऑलिंपिकमध्ये तो आला २०२१ साली, टोकियोत. आम्ही जरा लवकरच जन्मलो.) रविवारी पहाटेची लोकल धरायची, डोंबिवलीहून तिसरं स्टेशन मुंब्रा, आणि तिथल्या डोंगरातले कातळ. हा माझा आणि बाबांचा नेम.

बाबा स्वतः चढायचे नाहीत, खाली उभे राहून बिले द्यायचे, म्हणजे माझा दोर सांभाळायचे. वजन जेमतेम चोपन्न किलो, माझं त्याहून जास्त. लीडवर, म्हणजे दोर खालून नेत वाटेत कातळाला अडकवत चढताना, माझा हात सुटला की दोर ताणला जाई आणि बाबाच जमिनीवरून हातभर उचलले जात. लोंबकळत हसायचे. ते असे वर येत म्हणूनच मला झटका मऊ बसे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

नववीच्या जूनमध्ये बाबा गेले. हृदयविकार. सकाळी कामावर गेले ते घरी आलेच नाहीत. आईने माळ्यावरचा दोर काढला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला. चढाईचा दोर ताणला जाणारच. ओल्या साड्या पडल्या की पोट सोडून पार फरशीला टेकायचा. आई रोज नव्याने आवळायची. मी नुसता बघायचो.

दिवाळीनंतर पी.टी.च्या सरांनी मला थांबवलं. धीर देणं वगैरे काही नाही. रस्सीखेचीचा दोर पुढ्यात टाकून म्हणाले, "ती आठाची गाठ दाखव रे." त्यांना ती तीन दिवस जमली नाही. मग रविवारी स्वतःच स्टेशनवर हजर!

आईने गॅलरीतला दोर सोडून हातात दिला. उन्हापावसात राहिलेला दोर आता चढाईला चालत नाही, हे तिला सांगणं फार जड गेलं. तिने मुकाट्याने तो परत बांधला. आम्हाला दोर दिला मुंब्र्याला येणाऱ्या एका ग्रुपने. सरांच्या मागे दोर धरायला त्यांच्यातलाच एक जाणता उभा राहायचा.

चौथ्या रविवारी लीड घेतला. कातळात ठोकलेल्या तिसऱ्या बोल्टच्या वर हात सुटला. नव्वद किलोंचे सर जागचे हलले नाहीत. कमरेत असा कचका बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं का रे?"

"सर, दोर ताणला की तुम्ही जरा उडी मारायची. बाबा आपोआप..." पुढे बोलता आलं नाही.

सोमवारी कवायतीच्या तासाला सर मैदानाच्या कोपऱ्यात एकटेच उड्या मारत होते. सातवीची पोरं खिदळत होती.